टेम्परन्सचा माणूस

टॉलिव्हर या काळ्या माणसांच्या गावात चर्चची मदर, म्हणजे मानाची वडीलधारी, झेनोबिया हिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. प्रवचन लांबलं की पाद्रीसुद्धा आधी तिच्याकडे बघायचा, मग घड्याळाकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरी टोपी आणि पांढरे हातमोजे घालून ती पुढच्या बाकावर बसली की मागच्या बायकांची कुजबुज आपोआप थांबायची. शिक्षण म्हणाल तर तिसरीपर्यंत, आणि तेही कापूस वेचून उरलेल्या दिवसांत. अक्षरं यायची. पण वाचायची ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, दार लावून. चार माणसांत बायबल उघडायची वेळ आली की म्हणायची, "उघडायचं कशाला? मला पाठ आहे." आणि खरंच पाठ असायचं.

तिचं अडखळतं वाचन ऐकलेलं जगात एकच माणूस होतं. तिची धाकटी बहीण लुव्हिनिया, घरची व्हिनी.

साखरेच्या दुखण्यानं व्हिनीचा आधी एक पाय नेला, मग डोळे, मग मूत्रपिंडं. हिवाळाभर तिनं डायलिसिस सोसलं आणि शेतातला गहू पोटरीला आला तेव्हा सांगून टाकलं, आता पुरे. त्या यंत्राच्या खुर्चीत बसून मरण्यापेक्षा माझ्या पलंगावर मरते. तिची मुलगी डेलोरा टल्सा शहरातून नोकरीची रजा टाकून आली. चर्चमध्ये दर रविवारी अंथरुणाला खिळलेल्यांची नावं वाचतात. व्हिनीचं नाव आता सगळ्यांत आधी घेतलं जाऊ लागलं. नाव वर सरकलं की घरी केक यायला लागतात, ही टॉलिव्हरची रीत. खाणारं कुणी नसलं तरी चर्चमधल्या बायका, एकमेकींच्या सिस्टर, केक आणतात.

"सिस्टर हारग्रोव्हचा केक आलाय," झेनोबिया म्हणाली. "वीट म्हणून भिंतीत बसवता येईल."

"नोबी, माणूस मरायला टेकलंय इथं. हसवू नकोस, बरगड्या दुखतात."

"मग प्रार्थना करते."

"प्रार्थना पुष्कळ झाल्या. देवालाही कंटाळा आला असेल. माझं पुस्तक वाचून दाखव."

पुस्तक म्हणजे ते. आरशापुढे, दाराकडे तोंड करून ठेवलेलं. व्हिनीनं जन्मभर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्या. पलंगाखाली त्यांचे खोके होते. सगळ्यांच्या वेष्टनावर सोनेरी केसांच्या गोऱ्या बाया, गोऱ्या सरदारांच्या मिठीत. "आपल्याला काय त्यांचं?" झेनोबिया विचारायची. व्हिनी म्हणायची, "मी वाचताना त्यांना आपला रंग देते. फुकट आहे." आणि मग डोळे जायच्या आदल्या वर्षी डेलोरानं शहरातून हे आणलं. पश्चिमेच्या मोकळ्या गवताळ रानात उभी काळी बाई, निळा झगा घातलेली, आणि तिच्यामागं घोड्याचा लगाम धरलेला काळा पुरुष, शर्टाची बटणं पार कमरेपर्यंत उघडी. व्हिनीनं ते दोनदा वाचायला घेतलं, पण अक्षरं पुसट होत गेली आणि अर्ध्यावर राहिलं. तरी ते आरशापुढून हललं नाही. पाद्री भेटीला आले तेव्हा झेनोबियानं त्यावर टॉवेल टाकला होता.

"बटणं लाव म्हणावं मेल्याला," म्हणत तिनं पुस्तक उचललं, दार लावलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

गोष्ट अशी होती. टेम्परन्स नावाची सुईण गुलामी सुटल्यावर एकटी पश्चिमेला येते आणि सरकारकडून जमिनीचा तुकडा घेते. पाच वर्षं कसून दाखवला की तुकडा तिच्या नावावर होणार. जमिनीत एक झरा आहे, आणि त्यावर शेजारच्या गोऱ्या गुरंवाल्याचा डोळा आहे. एक दिवस घोडे माणसाळवणारा एझेकील तिथं पाणी मागायला येतो आणि जातच नाही.

झेनोबिया चार ओळी वाचायची आणि पाचवीला भांडायची.

"हा म्हणे घोडे माणसाळवतो, आणि बिथरलेल्या घोडीच्या मागून जातो. आपल्या खेचरानं याचं डोकं फोडलं असतं."

"पुढं वाच."

"आणि ही बया ताक न घालता बिस्किटं भाजते. तरी तो सहा खातो."

"प्रेमात आहे तो, नोबी. हारग्रोव्हचा केकही खाईल."

दोघी हसल्या. व्हिनीला खोकला लागला. झेनोबियानं तिला उठवून पाणी पाजलं आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवलं. तिचं तिलाच नवल वाटत होतं की जेवण गॅसवर ठेवून ती बहिणीकडे यायची ते त्या टेम्परन्सचं काय झालं म्हणून. वाटेत फोर्ड गाडीत बसल्याबसल्या एझेकीलला बोल लावायची. सरळ विचार ना तिला, कुंपणाचे खांब किती दिवस ठोकणार?

फक्त एका बाबतीत ती चर्चची मदर होती. गोष्टीतली दोघं धान्याच्या खोपट्यात पावसात अडकली तेव्हा तिनं पान चाळलं, घसा खाकरला आणि म्हणाली, "मग दिवा विझला. सकाळी टेम्परन्सनं कोंबड्यांना दाणे टाकले."

"किती पानं उलटलीस?"

"एक."

"मी आंधळी आहे, बहिरी नाही. चार उलटलीस. मागं जा."

"व्हिनी, मी ख्रिस्ताची सेविका आहे."

"मग त्याला सांग, मरणाऱ्या बाईनं हट्ट केला."

झेनोबिया मागं गेली. कान तापले होते, आवाज पुटपुटण्याइतका खाली आला होता, तरी एकही शब्द न गाळता तिनं ती चार पानं वाचली. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढून पुसला. मग व्हिनी म्हणाली, "माझा नवरा कधी माझ्याशी एवढं बोललासुद्धा नाही." आणि थोड्या वेळानं, "आपली माणसं अशी कुणी लिहिली नव्हती गं. कुणाच्या घरची मोलकरीण नाही, कुणाची आया नाही. आपल्याच शेतात उभी आणि लाडाची."

डेलोरा कधीकधी बाहेरून दार वाजवायची. "मावशी, तू दमशील. मी वाचते."

"तू नोटीस वाचल्यासारखं वाचतेस," आतून झेनोबिया म्हणायची.

"राहू दे, बेबी," व्हिनी म्हणायची. "तुझ्या मावशीचं वाचन सावकाश असतं. पुरतं ते मला."

मग तो दिवस उजाडला. व्हिनीचे हात सुजले होते, बोलताना श्वास तोकडा पडत होता, पण कान टवकारलेले. गोष्टीत टेम्परन्सच्या जमिनीचं पाचवं वर्ष भरत आलं होतं. घरात तिनं सांभाळलेलं एक अनाथ तान्हं होतं. एझेकील अंगणात लाकडं फोडत होता. झेनोबियाचं बोट ओळीवरून चाललं होतं. रस्त्यावर धूळ दिसली, आधी एक घोडा, मग पुष्कळ. एझेकीलनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, टेम्परन्स, बाळाला घे आणि वादळात लपायच्या तळघरात उतर. त्याच्या तोंडावर हात ठेव. वर काहीही ऐकू आलं तरी...

झेनोबियाचं बोट थांबलं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा याच शब्दांत तिला सांगितलं होतं. तेव्हा ते टॉलिव्हरमध्ये राहत नव्हते. गावाबाहेर ओढ्याकाठी वडिलांची, म्हणजे पापांची, स्वतःची ऐंशी एकर काळीभोर जमीन होती. धूळ दिसली तशी आईनं बंदूक शोधायला घेतली, आणि पापांनी व्हिनीला पाळण्यातून काढून झेनोबियाच्या हातात दिलं. तळघराचं झाकण वरून लावून घेतलं. अंधारात ओल्या मातीचा आणि बटाट्यांचा वास होता. व्हिनी तळहाताखाली रडत होती, आणि तळहात तिच्या थुंकीनं ओला झाला होता. वर टापा घुमल्या, गोरी माणसं हसली, कुणीतरी पापांना नावानं हाक मारली. मग टापा गेल्या. पापा परत आले नाहीत. ओढ्यावरच्या झाडाला फास लावून टांगलेल्या पापांना उतरवून आणायला टॉलिव्हरहून माणसं आली, आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली.

"पुढं?" व्हिनी म्हणाली.

"प्रकरण संपलं."

"संपलं नाही. तू वाक्यात थांबलीस."

"डोळे दुखताहेत. उद्या."

दुसऱ्या दिवशी झेनोबियाचा चष्मा घरी राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकच घरी राहिलं. ती पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली होती, आणि ते तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं पडलं होतं. शेवटचं पान उलटून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण तिनं उलटलं नाही. आत काय असणार ते तिला ठाऊक होतं. तसे घोडेस्वार आल्यावर काय होतं हे कुणा लिहिणारीनं तिला शिकवायची गरज नव्हती. ते मेलं छापलेलं बघितलं की बहिणीला सांगावं लागणार, नाहीतर खोटं बोलावं लागणार. आणि झेनोबिया खोटं बोलत नसे. तोंडावर अपमान करायची, पण खोटं बोलत नसे. त्या पोरीनं तळहाताखाली एकदा ते सोसलं होतं. आता मरताना पुन्हा नको.

तिनं पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि भजनं म्हणाली. व्हिनीनं दोन भजनं ऐकून घेतली.

"नोबी," ती म्हणाली. आता एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. "ती पापांची गोष्ट नाही."

"कोण म्हणतं?"

"तुझा आवाज. तिथं आल्यावर तुझा आवाज नऊ वर्षांचा झाला."

झेनोबियानं पांघरुणाची सुरकुती सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"मला त्यातलं काही आठवत नाही," व्हिनी म्हणाली. "तुलाच आठवतं, दोघींच्या वाट्याचं. पण हे पुस्तक आहे. या पुस्तकांत माणूस परत येतो. नेहमी येतो. गोऱ्यांच्या गोष्टींत शंभरदा आलेला वाचलाय मी. मला आपला येताना ऐकायचाय."

"परत आलेला मी पाहिला नाही कुणी."

"म्हणूनच तर वाच."

"तो गोऱ्यांचा रिवाज, व्हिनी. आपला माणूस लिहिला की त्याचं काय करायचं हे लिहिणाऱ्यांना ठरलेलं असतं. मला सांगू नकोस."

"ही लिहिणारी आपल्यातली आहे."

"मग तिला तर जास्तच ठाऊक असणार."

व्हिनी हसली, निदान हसण्यासारखं काही तिच्या तोंडावर आलं. "हट्टी म्हातारी. उद्या आण."

दाराशी डेलोरा उभी होती. झेनोबिया बाहेर आली तशी तिनं वाट अडवली. "मावशी, पुस्तक कुठंय? मी वाचते. नोटीस तर नोटीस."

"तुझ्या आईला झोप हवीय."

"तिला शेवट हवाय. तिनं आयुष्यात काही मागितलं नाही कुणाकडे."

"मोठ्यांच्या मध्ये पडू नये, डेलोरा."

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"मग सत्तेचाळीस वर्षांची होऊन गप्प बस."

डेलोरा बाजूला झाली. टॉलिव्हरमध्ये सगळेच झेनोबियाला वाट द्यायचे.

रात्रभर तिला झोप आली नाही. सकाळी तिनं पुस्तक पिशवीत टाकलं. वाचायचंच असं काही ठरवलं नव्हतं, पण टाकलं. व्हिनीच्या घरी पोचली तेव्हा नर्स येऊन गेली होती. डेलोरा आईचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती. व्हिनीचा श्वास लांब लांब पडत होता, मध्ये एवढी पोकळी की माणसानं आपला श्वास धरून वाट बघावी. झेनोबिया पिशवी मांडीवर घेऊन बसली. डेलोरा खोलीतून हलत नव्हती, आणि डेलोरासमोर बोट धरून वाचायचं झेनोबियाला जमत नव्हतं. हिला बाहेर जा म्हणावं असं तिला वाटलं, पण मरणाऱ्या आईजवळून मुलीला उठवायचं कोणत्या तोंडानं?

दुपारी व्हिनीनं डोळे उघडले. दिसत तर काही नव्हतंच.

"नोबी."

"इथं आहे मी."

"गेले का ते?"

झेनोबियाला कळलं, कोण ते. "गेले, बाळ. गेले सगळे."

"आणि तो?"

एक शब्द पुरला असता. खोलीत तीन बायका, भिंतीवरचं घड्याळ, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत ते. आला, एवढंच म्हणायचं होतं. झेनोबियानं तोंड उघडलं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं पाहिलेलं सगळं त्या शब्दाच्या आड येऊन उभं राहिलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "उद्या सांगते."

व्हिनीनं मान हलवल्यासारखं केलं. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

टॉलिव्हरमध्ये माणूस गेल्यावर पुरायला आठवडा लागतो. कॅलिफोर्नियातले, शिकागोतले सगळे यायचे असतात. तेवढ्या दिवसांत डेलोरा एकदा झेनोबियाकडे आली, बसली नाही. "आईच्या शवपेटीत पुस्तक ठेवायचंय."

"अर्धवट पुस्तक देऊन पाठवू तिला?"

"कुणामुळे अर्धवट, मावशी?"

झेनोबियाची नजर टेबलावरच्या पालथ्या पुस्तकाकडे गेली. डेलोरा तशीच निघून गेली. झेनोबियानं दार लावलं, पुस्तक सरळ केलं आणि अडली होती त्या ओळीखाली बोट ठेवलं.

आधी सगळं तिच्या म्हणण्यासारखंच झालं. तळघराकडे कुणी जाऊ नये म्हणून एझेकील स्वतःच हात वर करून घोडेस्वारांसमोर गेला. त्यांनी त्याला नेलं. टेम्परन्स वर आली तेव्हा खोपटं जळत होतं. झेनोबिया मान हलवत राहिली. बघ, मी सांगत नव्हते? टेम्परन्सनं एकटीनं मका काढला, एकटीनं सरकारी माणसाला कुंपण दाखवलं, जमीन नावावर करून घेतली. तो कागद हातात घेऊन ती झऱ्यापाशी बसली आणि रडली. झेनोबियाही थोडी रडली, आणि मग गॅसवर करपलेली चवळी उतरवायला उठली. रोज असं. दिवसाला काही पानंच व्हायची.

दफनाच्या आदल्या दिवशी ती त्या पानावर पोचली. गोष्टीत थंडी पडली होती. टेम्परन्स विहिरीशी होती. गवतातून एक माणूस काठी टेकत येत होता, एक कान नव्हता, शर्ट दुसऱ्याच कुणाचा. ती धावली नाही. तो अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "विहिरीचा दोर तुटलाय. आधी तो बांध." आणि मग तिनं त्याचा उरलेला कान हातात धरला.

झेनोबियानं ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "लबाड." लिहिणारीला म्हणाली की एझेकीलला, कुणास ठाऊक. पुढं लग्न होतं, पीक होतं, मूल होतं. एवढी पानं सुखाची. ती सगळी तिच्या टेबलावर पालथी पडली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हिनी वाट बघत होती.

दफन झालं. चर्चच्या तळमजल्यावर जेवण झालं, तळलेली कोंबडी, हिरवी भाजी, केक. लोक म्हणाले, मदर झेनोबिया कशी ताठ उभी होती. मंडळी पांगल्यावर स्वयंपाकघरात भांडी घासायला दोन-तीन बायका उरल्या, सिस्टर हारग्रोव्ह आणि डेलोरा त्यांत होत्या. झेनोबिया कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, पांढरे हातमोजे मांडीवर, पिशवी पायाशी. पेटीत पुस्तक ठेवलं नव्हतं. तिला ते हातातून सोडवलं नव्हतं.

"मदर, कॉफी देऊ?" हारग्रोव्हनं विचारलं.

"नको." मग म्हणाली, "नळ बंद कर जरा."

हारग्रोव्हनं नळ बंद केला. झेनोबियानं पुस्तक काढलं. ते उघड्या बटणांचं वेष्टन सगळ्यांनी बघितलं. तिनं चष्मा चढवला, पान शोधलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

वाचन वाईटच होतं. शब्द तुटत होते. एके ठिकाणी ती अडली आणि तोच शब्द तीनदा घेतला तरी सुटेना. हारग्रोव्ह तिच्या खांद्यावरून पानाकडे बघत होती. गेली चाळीस वर्षं तिला संशय होता, मदरला वाचता येत नाही म्हणून, आणि आता तो शब्द तिच्या जिभेवर होता. तिनं तो गिळला. ओले हात ॲप्रनला पुसत उभी राहिली. झेनोबियानं शब्द सोडवला आणि पुढं गेली. गवतातून माणूस आला. टेम्परन्सनं दोराचं सांगितलं. कान हातात धरला.

झेनोबिया थांबली.

सिंकपाशी डेलोरा पाठमोरी उभी होती. न वळता तिनं विचारलं, "आईला माहीत होतं, तो येणार?"

"होतं."

"मग तुला काय झालं होतं?"

"मला माहीत नव्हतं," झेनोबिया म्हणाली. "ती सांगत होती. मी ऐकलं नाही."

डेलोरानं बाह्या वर सरकवल्या. तिनं नळ सोडला आणि ताटं घासायला घेतली, जोरजोरात, एकामागून एक.